क्रँक पुलीची बैठक: एका जुन्या डिझेल गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी वडिलांची, एमएच-15, म्हणजे नाशिकची. दीड लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, जुन्या पद्धतीचं इनडायरेक्ट इंजेक्शन, डिझेलचा रोटरी पंप, आणि कॅम व पंप फिरवणारा दातेरी टायमिंग बेल्ट. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. मी अंबडला एका टूलरूममध्ये आहे, त्यामुळे मोजायची साधनं हाताशी असतात. गॅरेज मात्र नाही. काम पाथर्डी फाट्याला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, सुट्टीच्या दिवशी, सोसायटीच्या सेक्रेटरींची नजर चुकवून.

5 जानेवारी 2025, रविवार

थंडी चांगलीच आहे. निफाडकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ आलीय. गाडी सकाळी सुरू होते, पण आधी भरपूर फिरवून घेते आणि मग पार्किंगभर पांढरा धूर. गरम झाल्यावर धूर जातो, पण पिकअप पूर्वीसारखा नाही. जोडीला आयडलिंगला पुढून एक बोथट टक-टक येते. एसी लावला की आवाजाची लय बदलते, रेस केली की आवाज गायब.

नाशकात डिझेल गाडीला काहीही झालं की माणूस आधी नोझलवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीवर, बोट ठेवतो. सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, नोझल बनवायचा कारखाना. सर्कललासुद्धा त्याचंच नाव. त्या गुणाने असेल. मीही नोझल काढून तपासून आणले. प्रेशर बरोबर, फवारा चांगला, थेंब गळत नाही. थंडीत सुरू व्हायला मदत करणारे हीटर प्लग चारही तापतात.

मग आज बॉनेट उघडून, इंजिन आयडलिंगला ठेवून बॅटरीच्या उजेडात बेल्टकडे बघत बसलो. बेल्ट पुढेमागे नाचतोय. बेल्ट नव्हे, खालची क्रँक पुलीच, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावरचं चाकच, नाचतेय. इंजिन बंद करून पुलीच्या कडेला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं साधन) लावलं आणि पाना घालून हळूहळू फिरवलं. फेसला, म्हणजे सपाट बाजूला, 1.1 मिमी रनआउट; फिरताना तेवढी डगडग. पुली दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ढकलली तर 0.2 मिमी हालते. क्रँकचा स्वतःचा एंड प्ले, म्हणजे पुढेमागे थोडी मोकळीक, असतो, पण तो क्रँकसकट. इथे क्रँक जागेवर आणि पुली त्याच्यावर हालतेय. हे बरं लक्षण नाही.

11 जानेवारी, शनिवार

उघडलं. पुढचं उजवं चाक काढलं, गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेतली, चाकाच्या आतलं प्लॅस्टिक काढलं, अल्टरनेटरचा आणि एसीचा बेल्ट उतरवला.

क्रँकचा बोल्ट साध्या बॉक्स पान्याने सुटला. लांब पाइप घालून अंगाचा जोर लावावा लागेल अशी तयारी ठेवली होती, त्याची गरजच पडली नाही. पुलरचीही नाही, पुली हातात आली. तिच्या मागे लालसर तपकिरी भुकटी, तेलात कालवलेल्या शेंदरासारखी. लोखंडाचे दोन फेस घट्ट नसले आणि दर फेऱ्याला सूक्ष्म घासत राहिले की जे बारीक चूर्ण निघतं ते गंजून असं होतं. भुकटी जिथे आहे तिथे हालचाल आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मांडणी अशी आहे: क्रँकच्या टोकाला आत एक खांदा. त्याला टेकून टायमिंग गिअर, म्हणजे ज्याच्यावर टायमिंग बेल्ट चालतो तो दातेरी गिअर. त्याला टेकून पुलीचं बूड. वर वॉशर, आणि मधून एम-14, दीडच्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्याला दीड मिलिमीटर आत जाणारा, बोल्ट थेट क्रँकमध्ये. गिअर क्रँकवर नीट जागी बसावा म्हणून 4 मिमी रुंदीची की, म्हणजे क्रँकच्या आणि गिअरच्या खाचेत मिळून बसणारी पोलादी पट्टी. पुलीच्या बुडावर एक छोटी जीभ, ती गिअरच्या खाचेत बसते.

की बघण्यासारखी होती. एका बाजूला मधोमध पायरी पडलेली. खालचा अर्धा भाग क्रँकच्या खाचेत एका रेषेत, वरचा गिअरच्या खाचेत दुसऱ्या रेषेत, आणि मधे धातू पिळवटून वर आलेला. कडा इतकी धारदार की अंगठ्याला चरा गेला. गिअरची खाच तोंडाशी फाकलेली, भोक अंडाकार. क्रँकची खाच मोजली: खांद्याजवळ आतल्या टोकाला 4.00 मिमी जाडीची मापाची पट्टी अजून नीट बसते, बाहेरच्या तोंडाशी 4.50. मार मुख्यतः एकाच भिंतीला आहे, फिरण्याच्या दिशेने मागची. समोरची भिंत जवळजवळ शाबूत.

टोकाचा व्यास खांद्याजवळ 24.98, मधे सर्वांत खराब जागी 24.93. म्हणजे टोक फार गेलेलं नाही. हे कळलं आणि जरा हायसं वाटलं. आटे बॅटरी मारून पाहिले, शाबूत आहेत.

12 जानेवारी, रविवार

टायमिंग, म्हणजे क्रँकशी कॅमचा आणि पंपाचा मेळ, किती हललंय ते बघायचं होतं. या इंजिनाची एक सोय फार चांगली आहे: कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरला, पंपाच्या गिअरला आणि फ्लायव्हीलला, तिन्ही ठिकाणी पिन घालून टायमिंग जुळवता येतं. फ्लायव्हील क्रँकच्या दुसऱ्या टोकाला आहे. पुढच्या टोकाच्या कीशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे खोटं बोलायला त्याला जागा नाही.

बेल्ट अजून चढवलेलाच होता. गिअर जुन्या कीवर परत बसवला, इंजिन हाताने सुलट फिरवून कॅमची आणि पंपाची पिन घातली. दोन्ही सरळ गेल्या. फ्लायव्हीलची पिन काही जाईना. भोक पुढे निघून गेलंय. क्रँक पुढे आणि गिअर मागे राहिलाय.

हिशेब साधा आहे. 25 मिमी व्यासाच्या टोकाचा घेर 78.5 मिमी. म्हणजे घेरावर एक मिलिमीटर सरकलं की साधारण 4.6 अंश. अर्धा मिलिमीटर सरकलं की 2.3 अंश. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपाच्या दृष्टीने हे सव्वा अंशाच्याही आत आहे, पण डिझेल पडतं ते क्रँकच्या हिशेबाने सव्वादोन अंश उशिरा. थंड इंजिनात उशिरा पडलेलं डिझेल नीट पेटत नाही, अर्धवट वाफ होऊन पांढरा धूर बनून जातं. धूर, पिकअप आणि टक-टक ही वेगवेगळी तीन दुखणी नव्हती.

ही गोष्ट आणखी काही दिवस चालली असती तर की कापली गेली असती. मग कॅम थांबतो, क्रँक फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतात. गाडी तिथेच भंगारात.

15 जानेवारी, बुधवार

मते गोळा केली.

वडाळा नाक्याचा आमचा मेकॅनिक, अनेक वर्षांची ओळख. की हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, नवीन की घाला, वरून दोन टॅक मारून टाकू वेल्डिंगचे. मरेपर्यंत हालणार नाही." मरेपर्यंत हालणार नाही हे खरं, कारण पुढच्या वेळी टायमिंग बेल्ट बदलायला पुली निघणारच नाही. शिवाय क्रँकच्या टोकाला उघड्यावर वेल्डिंग म्हणजे मागचं ऑइल सील जळणार आणि करंट बेअरिंगमधून जाणार.

सातपूरला क्रँक ग्राइंडिंगवाल्यांकडे गेलो. त्यांचं उत्तर पुस्तकातलं: इंजिन उतरवा, क्रँक बाहेर काढा, टोकावर धातू भरू, टर्निंग करू, नवीन कीवे, म्हणजे कीची खाच, कापू. चूक काहीच नाही. पण 0.05 मिमी झिजेसाठी अख्खं इंजिन उघडायचं, चांगली बसलेली बेअरिंगं हलवायची, हे मनाला पटेना. आकडा ऐकल्यावर तर अजिबातच पटेना.

तिसरे आमच्या गल्लीतले टर्नर काका. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त. विमानाचे भाग करण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे शंभर मायक्रॉनला ते 'ढोबळ' म्हणतात. त्यांनी की उलटीसुलटी करून पाहिली, चष्मा कपाळावर सारला आणि एकच प्रश्न विचारला: "की मोडली ते दिसतंय. बोल्ट का ढिला झाला ते सांग."

बाकी सगळे कीबद्दलच बोलत होते. मीसुद्धा.

18 जानेवारी, शनिवार

काकांचा प्रश्न घेऊन बोल्टकडे बसलो. आटे ठीक. ताणला गेलाय असंही वाटत नाही. मग टोक पाहिलं. बोल्टच्या टोकाला मधोमध गोल, चकचकीत, घासलेला डाग. बाकी टोक काळं. क्रँकच्या भोकात तारेने तळ चाचपला, बॅटरी मारली. तळाशीसुद्धा तसाच चमकणारा गोल.

बोल्ट तळाला टेकत होता.

पडताळा घ्यायला पुली, गिअर, वॉशर सगळं बाजूला ठेवून नुसता बोल्ट हाताने आत फिरवला. थांबला तेव्हा बोल्टच्या डोक्याचा खालचा भाग आणि क्रँकचं तोंड यात 8.6 मिमी अंतर. म्हणजे गिअर-पुली बसवल्यावर क्रँकच्या तोंडापुढे जी जाडी येते ती 8.6 पेक्षा चांगली जास्त हवी. नाहीतर बोल्ट पुलीला दाबायच्या आधी भोकाच्या तळालाच दाबणार.

जुने भाग चढवून मोजलं. पुलीचं बूड क्रँकच्या तोंडापुढे 5.3 मिमी येतं. वॉशर 3.1 मिमी. एकूण 8.4. दोन दशांश कमी. आणि 5 तारखेला डायल गेजवर पुली पुढेमागे किती हालत होती? 0.2. आकडे असे एकमेकांना येऊन मिळाले की फार बरं वाटतं, कारण काहीही असो.

संशय वॉशरवर आला. साधा चपटा, बाजारातला. एवढ्या मोठ्या बोल्टला इतका पातळ वॉशर असेल असं वाटत नाही. वडिलांना विचारलं. काही वर्षांपूर्वी बाहेरगावी टायमिंग बेल्ट बदलून घेतला होता एवढंच त्यांना आठवतं.

द्वारकेच्या दुकानात या इंजिनाचा नवा बोल्ट मागितला. सेटमध्येच वॉशर आला. सहा मिलिमीटरचा, जाडजूड, कडक केलेला. काउंटरवरच व्हर्नियर काढलं तर दुकानदार हसला, "काय साहेब, सोनं मोजताय का?" गिअर, पुली, की, पुढचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, सगळं सांगून आलो. पुली झटके शोषणाऱ्या रबराच्या डॅम्परची आहे. जुनीचं रबर तडकलंय, त्यामुळे ती ठेवण्यात अर्थ नव्हता.

19 जानेवारी, रविवार

भाग यायचे आहेत. तोवर कागदावर.

मॅन्युअल म्हणतं: बोल्ट 40 न्यूटन-मीटर, पुढे 45 अंश. (दुसऱ्या इंजिनाचा आकडा वेगळा असतो, आपापल्या मॅन्युअलमधला घ्यावा.) दीडच्या पिचला 45 अंश म्हणजे बोल्ट 0.19 मिमी आत जातो. एवढ्याशा अंतरात तो ताणला जातो, सगळे फेस एकमेकांवर दाबले जातात आणि पकड तयार होते.

आता पातळ वॉशर घातला तेव्हा काय झालं असेल? भाग कमी झिजलेले असताना जाडी तळाच्या अंतरापेक्षा जेमतेम जास्त असणार. पुलीवर दाब यायला सुरुवात झाली आणि लगेच बोल्ट तळाला लागला. पुढचं सगळं वळण तळाने खाल्लं. पाना पाहिजे तेवढा घट्ट लागला. हाताला, टॉर्क पान्याला, कुणालाच फरक कळला नसेल. टॉर्क पाना बोल्ट फिरवायला किती जोर लागतो तेवढंच सांगतो, तो जोर कुठे गेला ते सांगत नाही.

आणि पकड गेल्यावर कीचं काय होतं? ढोबळ आकडा धरू: बोल्टची पकड 50 किलोन्यूटन, घर्षणाचा गुणांक 0.15, फेसची सरासरी त्रिज्या 15 मिमी. एका फेसवर 112 न्यूटन-मीटर घर्षणानेच पेलले जातात. या टोकाला कॅम, पंप, अल्टरनेटर आणि एसी चालवायचाय, त्याला हे पुरून उरतं. तेच 112 न्यूटन-मीटर नुसत्या कीवर टाका. 12.5 मिमी त्रिज्येवर जवळजवळ 9000 न्यूटन होतात. की गिअरमध्ये जाते दीड मिलिमीटर, लांबी 16, म्हणजे 24 चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला 370 न्यूटनच्या वर. मऊ ईएन-8 पोलाद त्याच्या बरंच आधी चेपतं. त्यात डिझेलचा दट्ट्या एका दिशेने नसतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँक पुढे झटका घेतो, कॉम्प्रेशनला मागे ओढतो, आणि ढिली की दोन्ही भिंतींमध्ये हातोड्यासारखी आपटते.

कीचं काम बसायची जागा दाखवण्याचं. हमाली तिची नव्हे. म्हणून नुसती की बदलून, किंवा ती आणखी कडक पोलादाची करून, काही साधणार नाही. पकड आधी, की नंतर. काकांनी बोल्टबद्दल का विचारलं ते उमगलं.

25 जानेवारी, शनिवार

नवे भाग आले. कोरडी जुळवणी करून आधी जाडी मोजली. नवा गिअर आणि नवी पुली चढवल्यावर बूड क्रँकच्या तोंडापुढे 5.6 मिमी येतं. जुन्या पातळ वॉशरसह 8.7 झाले असते, तळाच्या अंतरापेक्षा फक्त एक दशांश जास्त. दीडच्या पिचला एक दशांश म्हणजे 24 अंश. 45 पैकी 24 अंश पुलीला आणि उरलेले तळाला, त्यातही फेस जरा झिजले की तेवढंही नाही. सहाच्या वॉशरने 11.6. तीन मिलिमीटर मोकळे. नवा बोल्ट जुन्याच्या शेजारी ठेवून पाहिला, लांबी तीच.

की टूलरूममध्ये केली, काकांच्या सल्ल्याने. क्रँकची खाच सरळ करायची तर सगळीकडे 4.60 पर्यंत न्यावी लागेल. गिअरची खाच 4.00. म्हणून पायरीची की: खालचा भाग 4.60, वरचा 4.00, आणि सगळी पायरी एकाच बाजूला, मागच्या. पुढची बाजू वरपासून खालपर्यंत एका सपाटीत. क्रँकची पुढची भिंत शाबूत आहे, तीच संदर्भ धरली म्हणजे टायमिंग आपोआप मूळ जागी येतं. दोन्ही बाजूंना पायरी काढली असती तर दिसायला छान, पण टायमिंग बोंबललं असतं.

ईएन-8 चा तुकडा सरफेस ग्राइंडरवर घेतला. हार्डनिंग नाही. "की मऊच ठेव," काका म्हणाले, "कधी पुन्हा भांडण झालं तर की मरू दे, क्रँक नको." पायरीच्या कोपऱ्यात धारदार काटकोन न ठेवता बारीक गोलाई ठेवली, तडा तिथूनच सुरू होतो.

खाचेसाठी एक रिंगही केली. ईएन-31 पोलादाची, कडक केलेली, भोक 25 चं, एका ठिकाणी 4.60 ची आरपार फट. क्रँकच्या टोकावर चढवायची आणि ग्रब स्क्रूने धरायची. कानस त्या फटीतून चालते आणि कडक रिंगला लागली की घसरते, त्यामुळे हवं त्याहून जास्त खाऊ शकत नाही.

26 जानेवारी, रविवार

बिल्डिंगचं झेंडावंदन उरकून कामाला लागलो. मुलं जिलेबी खात घोड्यांभोवती जमली होती.

ऑइल सीलच्या पुढे चिंध्या कोंबल्या, वरून ग्रीस. कानशीचा एक कण जरी आत गेला तरी तो बेअरिंग गाठणार. खाचेच्या आतल्या शाबूत भागात 4.00 ची पट्टी घालून रिंगच्या फटीची पुढची भिंत तिला चिकटवली आणि रिंग पक्की केली. मग सुई कानस. एक बाजू गुळगुळीत असलेली घ्यायची, ती बाजू शाबूत भिंतीकडे. घाई करण्यात अर्थ नाही: दोन-चार हात मारले की ब्रशने कीस काढायचा, पट्टी घालून बघायची. आतल्या टोकाला कानस पुरत नाही, तिथे मोडक्या कानशीला धार लावून केलेला स्क्रेपर. शेवटी 4.60 ची पट्टी खांद्यापर्यंत सरकली, न डगमगता.

की अंगठ्याने अर्धी गेली, उरलेली पितळी दांड्याने हलकेच ठोकून.

त्यानंतरचं काम दिसायला बिनमहत्त्वाचं, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं: खांद्याचा फेस. नव्या गिअरला मार्किंग ब्लू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) लावून टेकवला, निळं फक्त दोन ठिकाणी उठलं. घासून जे उंचवटे झाले होते तेवढेच टेकत होते. जुन्या गिअरच्या फेसवर ग्राइंडिंग पेस्ट लावून त्याचाच खांद्यावर लॅपिंगसाठी, म्हणजे घासून सपाट करायला, उपयोग केला, की काढून ठेवून. पुसायचं, ब्लू लावायचं, बघायचं. घेराच्या बहुतेक भागावर निळं उठेपर्यंत हेच. पेस्टचा अंश राहू नये म्हणून डिझेल, मग पेट्रोल, मग कोरडं फडकं.

1 आणि 2 फेब्रुवारी

शनिवारी ऑइल सील. जुनं काढताना क्रँकवर ओरखडा येऊ नये म्हणून सीलमध्ये दोन स्क्रू रुतवून पकडीने ओढलं. नवं पाइपच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवलं. हे आत्ताच करायचं कारण आहे: गिअर मी लॉकटाइट 638 ने बसवणार आहे, आणि तो निघाला नाही तर मागचं सील बदलता येत नाही.

638 बद्दल थोडं. हे डिंकासारखं नुसतं चिकटत नाही. हवा बंद झाली आणि धातूशी गाठ पडली की कडक होतं, दोन गोल भागांमधली पोकळी भरून काढतं. 0.25 मिमीपर्यंतच्या फटीला चालतं. माझी फट सर्वांत वाईट जागी 0.08. फट 0.5 पर्यंत गेली असती तर 660 घेतलं असतं, त्याहून जास्त असती तर मात्र हा मार्गच सोडून क्रँक बाहेर काढला असता. जिथे टोकच अंडाकार झालंय, गिअर हातात डुगडुगतो, तिथे बाटलीवर भरवसा ठेवू नये.

लावलं ते फक्त क्रँकच्या गोल भागावर आणि कीच्या बाजूंना, पातळ. फेस पूर्ण कोरडे. पुलीला बिलकूल नाही, ती पुढच्या बेल्टच्या वेळी निघायला हवी. गिअर काढायची वेळ आली तर साधारण 250 अंशांपर्यंत तापवावा लागेल, तेव्हा सील जाणारच. हे एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलंय, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी.

गिअर सरकवला, पुली चढवली, सहाचा वॉशर, नवा बोल्ट. फ्लायव्हील धरायला टायमिंगची पिन वापरायची नाही. ती फक्त जागा दाखवायला आहे, एवढ्या जोराला मोडून आत राहते. स्टार्टर मोटर उतरवून तिच्या भोकातून फ्लायव्हीलच्या कडेच्या रिंग गिअरमध्ये दातेरी तुकडा अडकवला. 40 न्यूटन-मीटर, मग अंशाचं गेज लावून 45. या वेळी शेवटच्या वळणाला पाना ताणल्यासारखा वाटत होता, दगडाला लागल्यासारखा नव्हे. बोल्ट ते वॉशर ते पुली अशी पिवळ्या रंगाची रेघ ओढली.

हे शनिवारीच. गाडी रात्रभर आणि रविवार दुपारपर्यंत तशीच. पूर्ण पकडीला 24 तास धरतात, थंडीत जरा जास्तच.

रविवारी दुपारी बोल्ट सोडवून मग रिंग गिअरमधला तुकडा काढला. पुली आणि खालचं कव्हर पुन्हा काढून नवा टायमिंग बेल्ट, टेन्शनर. तिन्ही पिना एकदम गेल्या, फ्लायव्हीलचीसुद्धा. पिना काढून इंजिन हाताने सुलट दोन पूर्ण फेरे, पुन्हा पिना. पुन्हा गेल्या. काही आपटलं नाही. पुली परत, तुकडा पुन्हा अडकवून टॉर्क परत, तुकडा काढून रेघ नवीन. स्टार्टर जागेवर. बोल्ट एकदा ताणलेला होता, म्हणून दुसऱ्यांदा बसवताना आणखी एक नवा घेतला. गिअर बसवायला जुना बोल्ट आणि सहाचा वॉशर चालला असता, शंभर-दोनशे रुपये वाचले असते. असो.

डायल गेज: फेसला 0.12. पुढेमागे शून्य.

संध्याकाळी चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात पेटली. धूर आला, दोन-चार फुगे, मग साफ. टक-टक नाही. वडील खाली आले होते, कान देऊन ऐकत होते. "नोझलच होते ना?" म्हणाले.

9 फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या थंडीत आठवडाभर सुरू करून पाहिली. पांढरा धूर हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबलं तर जवळजवळ नाही.

आज चढावर न्यायची होती. इगतपुरीमार्गे कसाऱ्यापर्यंत खाली उतरलो आणि घाट चढून परत. एसी चालू, गाडीत चार माणसं, ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत. पूर्वी इथे हवा गेल्यासारखी व्हायची, आज तिसरा टाकून पुढे काढता आली. 2.3 अंशांत एवढं असतं. वाटेत थांबून पुलीला हात लावून पाहिला, नुसती कोमट. रेघ जागेवर.

2 मार्च, रविवार

चाक काढून तपासणी. पिवळी रेघ बोल्टपासून पुलीपर्यंत सलग. भुकटी नाही. सीलखाली कोरडं. रनआउट पुन्हा 0.12. एसीचा बेल्ट सुरू करताना किंचित चिरकतो, तो ताणायचा आहे. हीटर प्लगचा रिले अधूनमधून उशिरा सुटतो, तोही बघायचा आहे.

दुपारी वडाळा नाक्यावरून फोन. त्याच्याकडे याच इंजिनाची एक गाडी आलीय, मालेगावची. पुली नाचते. म्हटलं, वेल्डिंग मशिन बंद कर आणि सगळं उतरवून नुसता बोल्ट हाताने आत घाल, डोक्याखाली किती उरतं ते मोज.

थोड्या वेळाने परत फोन. "साडेआठ-नऊच्या मधे भाऊ."

"वायसर किती जाड?"

"तीन."

द्वारकेहून बोल्टचा सेट आणून ठेवायला सांगितलं. खाच किती खाल्लीय ते शनिवारी जाऊन मोजणार आहे. रिंग तीच चालेल, की मात्र नवीन मापाने करावी लागेल.